थंडीच्या पहाटे गाडी रुसते तेव्हा

मार्गशीर्ष सरत आला की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे पहाटेचा वारा अंगाला बोचू लागतो. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावरचा पारा एक आकडी झाला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षाला मानवत नाही आणि अंगणात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीला तर मुळीच मानवत नाही. दुधाचे कॅन भरून तयार असतात, संकलन केंद्राची वेळ टळत असते, लासलगावच्या लिलावासाठी कांदा रात्रीच भरून ठेवलेला असतो आणि किल्ली फिरवली की इंजिन नुसते कण्हत राहते. मग घरातले सगळे पुरुष धक्का मारायला बाहेर येतात, बायका चूल सोडून दारात उभ्या राहतात आणि अर्धी पहाट तिथेच सरते.

थंडीत गाडी सुरू न होणे याला पुष्कळजण नशिबाचा भाग समजतात. तसे ते नाही. कारणे ठरलेली आहेत, मोजकी आहेत आणि त्यांतील बहुतेक घरच्या घरी ओळखता येतात. त्यासाठी डिझेल इंजिन पेट कसे घेते, एवढे आधी ध्यानात घ्यावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टनने दाबली जाते. मूळच्या जागेच्या सोळाव्या, अठराव्या, काही इंजिनांत विसाव्या हिश्शात ती कोंबली जाते. एवढ्या दाबाने हवा तापून लाल होते म्हणा ना! त्या तापलेल्या हवेत नॉझलमधून डिझेलचा फवारा आला की ते आपोआप पेटते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तोच हा प्रकार. आता हवा मुळात गार असेल, तर दाबल्यावरही ती कमी तापणार. हिशेब मांडला तर बाहेर ३० अंशांचा फरक पडला की दाबाअखेरीस तो वाढत वाढत ७०-८० अंशांचा होतो. त्यातून इंजिन हळू फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात आणि थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते. म्हणजे थंडीत इंजिन जोराने फिरवणे अधिक गरजेचे असते आणि नेमक्या त्याच वेळी ते फिरवणारी बॅटरी मलूल झालेली असते. सगळी गोम इथे आहे.

आधी कानाने तपासा

गाडी सुरू होत नाही म्हटले की काहीजण बॉनेट उघडून दिसेल ते खोलायला लागतात. पाना हातात घेण्यापूर्वी एकदा सेल्फ मारून नीट ऐकावे आणि एकाने सायलेन्सरकडे पाहावे. एवढ्यात निम्मे निदान होते.

किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही नाहीत, तर बॅटरीचे टोक निसटले आहे किंवा बॅटरी पार उतरली आहे. दिवे लागतात, पण ‘टक्-टक्-टक्’ असा भरभर आवाज येतो, तर बॅटरीत दम नाही किंवा तिची जोडणी खराब आहे. एकच ‘टक्’ होऊन सारे शांत झाले, तर सेल्फचा दोष असण्याचा संभव जास्त. इंजिन फिरते, पण म्हाताऱ्या बैलासारखे अडखळत फिरते, तर बॅटरी, जोडणी आणि जाड झालेले ऑइल या तिघांवर संशय घ्यावा.

इंजिन नेहमीच्या जोराने फिरते तरी पेट घेत नाही, अशा वेळी धूर बोलतो. सायलेन्सरमधून काहीच धूर नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात, म्हणजे डिझेल पोचते, पण न जळता वाफ होऊन बाहेर पडते. मग हीटर प्लग किंवा इंजिनचा दाब यांकडे वळावे. काळा धूर आला तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर पाहावा.

बॅटरी : मरते उन्हाळ्यात, कळते थंडीत

शंभरात निम्म्याहून अधिक वेळा दोष बॅटरीकडे निघतो, असा माझा गावोगावचा अनुभव आहे. शिशाच्या बॅटरीतून करंट मिळतो तो आतल्या प्लेटा आणि आम्ल यांच्या रासायनिक क्रियेने. ही क्रिया गारठ्यात मंदावते. पारा शून्याजवळ आला तर चांगल्या बॅटरीचीही सुमारे पाचवा हिस्सा ताकद कमी होते. पण बॅटरीचे खरे नुकसान होते ते आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात. पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि त्या भागावर पांढरा थर धरतो. पावसाळ्यात ती कशीबशी गाडी ओढते आणि डिसेंबरात हात टेकते. म्हणून थंडीची तयारी खरे तर उन्हाळ्यात बॅटरीत पाणी घालण्यापासून सुरू होते. हे पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे दुकानात बॅटरीचे पाणी म्हणून मिळते तेच असावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांचा नाश करतात. आम्ल मात्र वरून घालू नये. आटते ते पाणी, आम्ल नव्हे.

ज्यांच्याकडे बुचांची बॅटरी आहे त्यांनी हायड्रोमीटरने प्रत्येक खाना तपासावा. १.२६ ते १.२८ आले तर बॅटरी भरलेली, १.२० च्या आसपास निम्मी, १.१२ म्हणजे उतरलेली. पाच खाने सारखे आणि एकच फार खाली असेल तर तो खाना गेला. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी पहाटे दगा देणार. बंद बॅटरीला मीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट मिळाले तर उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना मीटर साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर मीटरने १४ च्या आसपास दाखवावे. १२.५ वरच अडून बसला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा भरणा करीत नाही. अशा गाडीला नवी बॅटरी बसवली तरी आठवड्यात तीच रड.

पण नवी बॅटरी आणण्यापूर्वी तारा पाहाव्यात, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. २०२२ च्या जानेवारीत सिन्नर तालुक्यातील एका वस्तीवर पहाटे तीनला सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. दारात जीप होती. बॅटरी जेमतेम आठ महिन्यांची. सेल्फ मारला की नुसती टकटक. सासऱ्यांनी शेजारच्या वस्तीवरून माणसे हाका मारून आणली, सासूबाईंनी सुनेला घोंगडीत गुंडाळून मागे बसवले आणि कच्च्या रस्त्याच्या उतारावर ढकलून जीप सुरू केली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पुढे आठ दिवसांनी मी त्या बाजूला द्राक्षबागा पाहायला गेलो, तेव्हा सासरेबुवा दुसरी बॅटरी घ्यायला निघाले होते. मी म्हटले, “आबा, जरा थांबा.” बॅटरीची काळी तार चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली होती तिथे गंज, चिखल आणि तेलाचा थर एवढा होता की बोल्ट दिसत नव्हता. तो सोडवला, पॉलिशपेपरने घासून लखलखीत केला आणि पुन्हा आवळला. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्यांच्या सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “हे आठ दिवस आधी का नाही सुचलं कुणाला?” त्यांचे चुकले असे मला वाटले नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा धरला असेल तर आधी काळी तार काढावी, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशाने टोके धुवावीत. बुचे घट्ट बंद असावीत. सोड्याचे पाणी आत गेले तर आम्ल मरते. टोके कोरडी करून लाल तार आधी, काळी नंतर अशी जोडावी आणि वरून व्हॅसलीन चोपडावे. घरातील कोणतीही मुलगी हे काम अर्ध्या तासात करील. फक्त बॅटरीतले पाणी बघायला काडी पेटवू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो भडकला तर आम्ल डोळ्यांत उडते.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींना. ट्रॅक्टरवर गाण्याचे यंत्र, रंगीत दिव्यांच्या माळा लावण्याची हौस समजू शकते. पण त्या तारा सरळ बॅटरीवर जोडलेल्या असतात आणि बंद केल्या तरी रात्रभर थोडा थोडा करंट पीत राहतात. मध्ये एक बटण घालून घ्यावे. ट्रॅक्टर उभा केला की ते बंद करावे.

ऑइल आणि ओझे

गारठलेले तूप जसे वाटीतून निघत नाही तसे जाड ऑइल थंडीत पिस्टनला, बेअरिंगला चिकटून बसते. ऑइलच्या डब्यावर १५ डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-४० असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. आपल्या इंजिनला कोणते चालते ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते, तेच घालावे. इंजिन जुने झाले, ऑइल खाऊ लागले, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून दाट ऑइल भरले, की डिसेंबरात त्याची किंमत मोजावी लागते. बदलण्याची मुदत उलटलेले ऑइलही काजळीने दाट होते.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळे गिअरबॉक्समधील गारठलेले ऑइल ढवळण्याचे ओझे सेल्फवरून उतरते. पीटीओ बंद असावा, हायड्रॉलिकचा दांडा खाली असावा, हेडलाइट विझलेले असावेत. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. त्या वेळात बॅटरी थोडी सावरते आणि सेल्फही जळत नाही. रागाने किल्ली धरून ठेवणाऱ्याची बॅटरी पाच मिनिटांत संपते.

हीटर प्लग

जीप, पिकअप आणि डिझेल मोटारींत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्याचे चिन्ह पेटते. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. नव्या गाड्यांत चार-पाच सेकंद पुरतात, जुन्या जीपला वीस-पंचवीस लागतात. घाईचा माणूस इथेच चुकतो. चारपैकी एखादा प्लग गेला तर इंजिन सुरू होते, पण थोडा वेळ थडथडते आणि पांढरा धूर टाकते. दोन गेले की पहाट अवघड. तपासणी सोपी आहे. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी, चाचणी दिव्याची एक तार बॅटरीच्या लाल टोकाला लावावी आणि दुसरी प्रत्येक प्लगच्या डोक्यावर टेकवावी. दिवा लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर आतली तार तुटली. सगळे शाबूत असूनही तापत नसतील तर रिले किंवा फ्यूज पाहावा.

आपल्याकडील बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांत हीटर प्लग नसतात. तिथे सारी भिस्त दाबावर आणि फिरण्याच्या जोरावर.

डिझेलमधील पाणी, मेण आणि हवा

रात्री अर्धी रिकामी टाकी गारठली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर दव धरते आणि थेंब डिझेलच्या तळाशी जमतात. म्हणून थंडीत टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू आठवड्याला सोडून तळाचे पाणी काढावे.

डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. ते गारठले की मेणाचे कण गोठून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकले जाणारे डिझेल ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून सुरळीत गेले पाहिजे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. (लडाखसारख्या मुलखासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल काढले.) आपल्याकडे पंपावरच्या ताज्या डिझेलमध्ये ही अडचण क्वचित येते. पण दिवाळीपूर्वी पिंपात भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत टाकीत ओतले, तर फिल्टर तुंबण्याचा संभव राहतो. साठा करायचा तर थंडीचा थंडीतच करावा.

रोज संध्याकाळी सुरळीत बंद होणारे इंजिन रोज सकाळीच त्रास देत असेल आणि दुपारी एका फटक्यात सुरू होत असेल, तर लाइनमध्ये हवा धरत असल्याची शंका घ्यावी. एखादा वायसर झिजलेला असतो, रबरी नळीला बारीक चीर असते. डिझेल बाहेर गळत नाही, पण रात्रीतून ते टाकीकडे उतरते आणि त्या जागी हवा शिरते. जुन्या ट्रॅक्टरात फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारावा. फेस यायचा थांबून नुसते डिझेल येऊ लागले की तो आवळावा, मग पंपावरच्या स्क्रूशी तेच करावे. हवा काढून काम तात्पुरते भागते. वायसर बदलल्याशिवाय दुखणे जात नाही.

कॉमन रेलच्या इंजिनात मात्र असले काही करू नये. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागले, तेव्हापासून असली इंजिने शिवारातही आली आहेत. त्यांच्या नळ्यांत हवेच्या हजारपट आणि त्याहूनही अधिक दाब असतो; चालू इंजिनाचा नट ढिला केला तर डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे हातपंपापुरतेच आपले काम, पुढचे मिस्त्रीचे.

पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी

कार्बोरेटरची जुनी मोटार किंवा मोटारसायकल असेल तर चोक ओढून, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता सुरू करावी. पेट्रोलचा वास सुटला म्हणजे प्लग भिजले. चोक बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा, जादा पेट्रोल निघून जाते. धुके पडते त्या दिवशी प्लगच्या तारांवरचा ओलावा कोरड्या फडक्याने पुसला तरी काम होते. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. ते आपल्याच उसाचे आणि मक्याचे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि नळीतून पहिल्यांदा तेच इंजिनात जाते. अशी टाकी तळापासून रिकामी करणे बरे.

सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पैसे वाचवायचे म्हणून कित्येकजण टाकीत लिटरभर पेट्रोल सहा महिने तसेच ठेवतात. ते शिळे होते, पंप कोरडा पडतो आणि थंडीत गाडी अडते. चार-पाच लिटर ताजे पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून थोडी गाडी त्यावर चालवावी.

हे मात्र करू नये

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची पद्धत अजून दिसते. इंजिन सुरू होते हे खरे, पण जळके धागे आत जातात आणि डिझेल सांडलेल्या जागी आग लागते. एका घरचा गोठा असाच जळालेला मी पाहिला आहे. त्याऐवजी हवेच्या नळीवर कढत पाण्यात बुडवून पिळलेले फडके पाच मिनिटे गुंडाळावे. विजेच्या तारांवर व पंपावर पाणी जाऊ देऊ नये. हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा फवारा कधीही मारू नये. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटतो.

बॅटरी कमजोर म्हणून ट्रॅक्टर रोज उतारावर लावणे हाही धोक्याचा उपाय. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होते, खाली पोरे खेळत असतात आणि ब्रेक दोन्ही बाजूंना सारखा लागेलच असे नाही. बंद शेडमध्ये इंजिन तापवत ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घ्यायचा तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असाव्यात. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी चालत नाही. लाल तार उतरलेल्या बॅटरीच्या लाल टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या लालला लावावे. काळी तार चांगल्या बॅटरीच्या काळ्या टोकाला, आणि शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीच्या वायूपाशी उडू नये म्हणून ही काळजी. चांगली गाडी पाच मिनिटे चालू ठेवावी, मग सेल्फ मारावा. सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात आणि इंजिन लगेच बंद करू नये. उतरलेली बॅटरी भरायला तासभर तरी गाडी चालली पाहिजे.

घरात आजारी माणूस किंवा दिवस भरलेली लेक असेल तेव्हा गाडीशी झटत बसण्याआधी १०८ ला फोन लावावा. ती येईपर्यंत एकाने सेल्फचा आवाज ऐकावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरपाशी उभे राहावे.